झाडीतले ऐंशी यार्ड: थर्टी-थर्टीवर साइट कोणती, काडतूस कोणतं?

प्रश्न: मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजजवळ राहतो. वय ४९, ग्रीन कार्ड आहे. यंदा हरणाच्या शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, परवाना काढला आणि एक जुनी मार्लिन ३३६ कार्बाइन (आखूड नळीची, लिव्हरने चालणारी रायफल) घेतली, थर्टी-थर्टी काडतुसाची. जिथे बसणार आहे तिथे ओक आणि माउंटन लॉरेलची गच्च झाडी आहे. चाळीस ते ऐंशी यार्डांपलीकडे काही दिसतच नाही. मूळच्या लोखंडी साइट्स (नेम धरायच्या खुणा) मला धूसर दिसतात, कारण प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे आणि थोडा अ‍ॅस्टिग्मॅटिझमही (सिलिंडरचा नंबर) आहे. दुकानदार म्हणतो ३-९ पटीची स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, लावा, ऑफिसातला मित्र म्हणतो रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, शेजारी म्हणतो कशाला हात लावू नका. गोळी १५० ग्रेन वजनाची घ्यावी की १७०ची? हॉर्नडी कंपनीच्या लेव्हरेव्होल्यूशन गोळीचं खूप ऐकलंय, ती घ्यावी का? आणि भाचा एच-वन-बीवर आलाय, तोही रेंजवर येईन म्हणतो. त्याला दोन गोळ्या झाडू दिल्या तर चालेल ना?

उत्तर: भाच्यापासूनच सुरुवात करतो. बाकी कुठे चुकलात तर हरीण हुकेल, इथे चुकलात तर व्हिसा जाईल. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. रेंजवर पाच मिनिटं हातात धरणं हेही बाळगणंच ठरू शकतं. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही अमेरिकी राज्याचा चालू शिकार परवाना. तेव्हा क्रम असा: भाच्याने आधी तुमच्यासारखाच कोर्स करावा, मग स्वतःच्या नावाचा परवाना काढावा, तो खिशात ठेवावा आणि मगच कार्बाइनला हात लावावा. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. नवा काढला नाही तर १ जुलैला तो पुन्हा पहिल्या जागी येतो. इमिग्रेशनच्या वकिलाला त्याने एकदा विचारलेलं बरं. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्हाला ही बंदी लागू नाही.

भारतातून हे सदर वाचणाऱ्यांसाठी एक ओळ: तिकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. इथलं सगळं पेनसिल्व्हेनियातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणापुरतं आहे असं समजा.

आता बंदूक. जुनी घेतली आहे, तर काडतुसं आणण्याआधी नळीवरचा शिक्का वाचा. ३३६ थर्टी-थर्टीत निघाली तशी .३५ रेमिंग्टनमध्येही बरीच निघाली, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. ‘३०-३० विन’ असं स्पष्ट कोरलेलं असलं की पुढे चला. नळीत आरपार उजेड पाहा, तोंडाशी ठोकर लागल्याची खूण आहे का तपासा. पुढची माशी (नळीच्या टोकावरची साइट) तिच्या खाचेत हलते का, तेही बोटाने ढकलून बघा. जुन्या बंदुकीचा नेम ‘भरकटतो’ म्हणतात, तेव्हा निम्म्या वेळा हलणारी माशी किंवा ढिला स्क्रू निघतो.

साइटच्या बाबतीत तुमचे तिन्ही सल्लागार एका गोष्टीचा विचार करत नाहीत, ती म्हणजे उजेड. ऐंशी यार्डांवर हरीण मोठं करून पाहायची गरज नसते, ते नुसत्या डोळ्यांनाही पुरेसं मोठं दिसतं. अडचण वेगळीच असते. कायद्याने सूर्योदयाआधी अर्धा तास आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार करता येते, आणि हरणं नेमकी त्याच वेळी हलतात. नोव्हेंबरअखेर तुमच्याकडे पावणेसातच्या सुमारास, लॉरेलच्या काळपट सावलीत, करड्या अंगावर काळी माशी टेकवायची आहे. तीही हरीण दोन झाडांमधल्या फटीतून जाईपर्यंतच्या तीन-चार सेकंदांत. अशा उजेडात झटकन दिसेल ती साइट घ्या. किती पट मोठं दिसतं ते नंतर.

मूळच्या साइटने तुम्हाला का धूसर दिसतं? डोळ्याला एकाच वेळी तीन अंतरांवर स्पष्ट बघायचं असतं: हातभरावरची मागची खाच, बत्तीस इंचांवरची माशी आणि साठ यार्डांवरचं हरीण. विशीतला डोळा या तिन्हींत इतक्या झपाट्याने फिरतो की आपल्याला कळतही नाही. पन्नाशीत बुबुळामागचं भिंग ताठर होतं आणि एकच अंतर स्पष्ट मिळतं. त्यात प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खोडा. गालाने दस्ता दाबला की मान पुढे झुकते, नजर काचेच्या वरच्या भागातून जाते, तो भाग दूरचं पाहण्यासाठी घासलेला असतो आणि माशी विरघळते. त्यातच मागच्या खाचेचे कान इतके मोठे असतात की हरणाचा अर्धा भाग त्यांच्यामागे जातो.

माशीच्या टोकावरच्या मण्याचा हिशोबही करून पाहा. मणी १/१६ इंचाचा आणि डोळ्यापासून ३२ इंचांवर असेल, तर ५० यार्डांवर तो साडेतीन इंच झाकतो आणि १०० यार्डांवर सात. ३/३२चा जाड मणी असेल तर १०० यार्डांवर साडेदहा. हरणाच्या छातीतला ज्यात गोळी बसायला हवी तो भाग साधारण आठ इंचांचा. म्हणजे तुमच्या झाडीत मणी चालतो, पण बाहेरच्या शेताच्या बांधावर दीडशे यार्डांवर उभ्या असलेल्या हरणाची छाती मण्यामागे जवळजवळ दिसेनाशी होते. शेजारी म्हणतो ‘हात लावू नका’, ते त्याच्या डोळ्यांपुरतं खरं असेल.

लोखंडी साइटच ठेवायची तर पीप लावा. रिसीव्हरवर, डोळ्याच्या जवळ, एक छोटं वर्तुळ बसतं आणि तुम्ही त्यातून फक्त माशीकडे पाहता. वर्तुळ स्पष्ट दिसायची गरजच नसते, डोळा आपोआप मध्य पकडतो. तीन अंतरांतलं एक कमी होतं, शिवाय बारीक भोकातून पाहिल्यामुळे माशी आणि हरीण दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतात. विल्यम्स आणि स्किनर ही त्यातली नेहमीची नावं, खर्च साधारण शंभर डॉलरच्या आसपास. विल्यम्सची एफपी रिसीव्हरच्या डाव्या बाजूच्या भोकांवर बसते, तेव्हा तुमच्या ३३६ला ती भोकं आहेत का आधी बघा. स्किनर वरच्या भोकांवर बसते. सोबत येणारी बारीक भोकाची चकती शिकारीला काढून ठेवा. रेंजवर ती छान, झाडीत तिने उजेड मरतो. चकती काढल्यावर जे मोठं भोक उरतं ते पहाटेचं.

पीप बसवताना दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. जुनी मागची साइट नळीवर तशीच राहिली तर ती वर्तुळाच्या मधोमध उभी राहते. ती आडवी पाडा, किंवा काढून खाचेत कोरी पट्टी ठोका. दुसरी गोष्ट, पीप पूर्ण खाली आणूनही गोळी वर लागत असेल तर माशी उंच हवी. किती उंच, ते अंदाजाने ठरवू नका. चूक इंचांत गुणिले दोन साइट्समधलं अंतर इंचांत, भागिले लक्ष्याचं अंतर इंचांत. १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच. साइट्समध्ये २५ इंच असतील आणि गोळी सहा इंच वर लागत असेल, तर ६ गुणिले २५ भागिले ३६००, म्हणजे साधारण ०.०४ इंचाने उंच माशी. मागची साइट ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी जाते. पुढची माशी मात्र उलट वागते, ती उंच केली की गोळी खाली येते. हे उलटं गणित डोक्यात ठेवलं नाही तर अर्धा डबा वाया जातो.

चष्म्यावरही उपाय आहे. नेत्रतज्ज्ञाकडून फक्त दूरच्या नंबरात +०.५० मिळवलेला एक साधा, प्रोग्रेसिव्ह नसलेला चष्मा करून घ्या. त्याने माशी टोकदार होते आणि साठ यार्डांवरचं हरीण किंचितच मऊ पडतं. पीपबरोबर हा चष्मा असेल तर तुमच्या झाडीत दिवसाउजेडी काही कमी पडणार नाही. पहाटेच्या पहिल्या वीस मिनिटांत मात्र कमी पडेल.

म्हणून आमचा कौल स्कोपकडे आहे, पण दुकानदाराच्या ३-९कडे नाही. ३-९ची सगळ्यात कमी पट ३. त्या पटीला १०० यार्डांवर साधारण ३० फुटांचा पट्टा दिसतो, म्हणजे ४० यार्डांवर जेमतेम १२ फूट. झाडाआडून निघालेलं हरीण त्या १२ फुटांत शोधेपर्यंत ते पुढच्या झाडाआड जातं. स्कोप लावूनही ‘दिसलंच नाही’ असं नवशिके सांगतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच. शिवाय ४० मिलिमीटरची पुढची काच नळीला टेकू नये म्हणून स्कोप उंच बसवावी लागते. मार्लिनचा दस्ता लोखंडी साइटच्या उंचीला बेतलेला आहे, त्यामुळे गाल उचलावा लागतो आणि उचललेला गाल दर वेळी वेगळ्या जागी बसतो.

तुम्ही १-४ किंवा १.५-५च्या घरातली, पुढची काच २० मिलिमीटरची, सरळ नळकांड्यासारखी दिसणारी स्कोप घ्या. दीड पटीला १०० यार्डांवर सत्तर फुटांच्या आसपास दिसतं, म्हणजे ४० यार्डांवर २८ फूट. दोन्ही डोळे उघडे ठेवून बंदूक उचलता येते. उजेडाचं काय, काच तर लहान आहे? काचेचा व्यास भागिले पट, इतक्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. २० भागिले ४ म्हणजे ५ मिलिमीटर, आणि पन्नाशीतल्या डोळ्याची बाहुली अंधारातही साधारण तेवढीच उघडते. कमी पटीला झोत त्याहून रुंद होतो. तेव्हा मोठ्या काचेने या पटीत काही फायदा नाही. आतल्या रेघा मात्र जाड हव्यात. बाहेरून जाड आणि मध्यावर बारीक होत जाणारा ड्युप्लेक्स घ्या आणि दुकानाच्या दाराबाहेर, संध्याकाळी, गर्द झाडावर धरून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच रेघा छान दिसतात. लांब पल्ल्याच्या ठिपक्यांच्या शिड्या असलेली जाळी इथे निव्वळ अडगळ.

३३६चा एक मोठा गुण इथे कामी येतो. रिकामं काडतूस बाजूने उडतं आणि रिसीव्हरचा माथा सपाट, भरीव आहे, म्हणून स्कोप अगदी खाली बसते. जुन्या विन्चेस्टर ९४मध्ये काडतूस वर उडतं, तिथे हा पर्याय इतका सोपा नसतो. माथ्यावरची भोकं ८-४० आट्यांची आहेत, इतर बऱ्याच रायफलींसारखी ६-४८ची नाहीत, तेव्हा बेस मार्लिन ३३६साठीचाच मागवा. भोकं आणि स्क्रू यांतलं तेल पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, १५ ते २० इंच-पाउंड. हातात टॉर्क रेंच नसेल तर बंदूक दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. ओठ चावून पिळलेला स्क्रू एक तर तुटतो, नाही तर आटे खातो. घट्ट झाल्यावर लिव्हर हळूच उघडबंद करा. कुठे घासतंय असं वाटलं तर एखादा स्क्रू लांब आहे आणि आत बोल्टला टेकतोय. तसाच चालवू नका, तेवढाच घासून आखूड करा.

स्कोप रिंगांमध्ये मागेपुढे कुठे ठेवायची, हे शिकारीचं जाड जॅकेट घालूनच ठरवा, टी-शर्टवर नाही. डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर स्कोप मागेपुढे सरकवा. ते जमलं की रेघा सरळ करा आणि रिंगा आवळा. गाल तरंगतोच असं वाटलं तर दस्त्याला दोरीने बांधायची चामड्याची गादी मिळते, ती लावा.

स्कोप लावल्यावर हॅमर (घोडा) तिच्याखाली दडतो. त्याला आडवा हूक मिळतो, पाच मिनिटांत बसतो. हा हौसेचा भाग नाही. थंडीत बधिर झालेल्या, हातमोजातल्या अंगठ्याने स्कोपखालचा हॅमर हळू खाली सोडताना तो निसटला तर गोळी सुटते. हूक लावूनही हॅमर खाली सोडायचा सराव घरी रिकाम्या बंदुकीवर, नळी सुरक्षित दिशेला धरून, पन्नास वेळा करा.

मित्राचा रेड डॉट वाईट नाही, तुमच्या डोळ्याला मात्र त्रास देईल. अ‍ॅस्टिग्मॅटिझम असलेल्याला लाल ठिपका गोल दिसत नाही. त्याला शेपट्या फुटतात, कधी दोन ठिपके दिसतात, आणि पहाटेच्या अंधारात ठिपका जास्तच फुलतो. दुकानात आधी नुसत्या डोळ्यांनी, मग फोनच्या कॅमेऱ्यातून त्यात पाहा. कॅमेऱ्यात गोल आणि डोळ्याला चुरगळलेला दिसला तर दोष डोळ्याचा आहे, यंत्राचा नाही, आणि महागातला घेऊनही तो जाणार नाही. ठिपका अगदी मंद केला आणि डोळ्यांवर चष्मा असला तर काहींना चालून जातं. चालत असेल तर २ एमओएचा घ्या (एमओए म्हणजे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच), तो १०० यार्डांवर दोन इंच झाकतो. बॅटरी दर हंगामाला नवी टाका. कडाक्याच्या थंडीत जुनी बॅटरी ऐन वेळी मान टाकते. एक पटीची प्रिझम साइट हा मधला मार्ग आहे. तिच्यातली खूण काचेवर कोरलेली असते, बॅटरी गेली तरी दिसते, आणि अ‍ॅस्टिग्मॅटिझमवाल्यांना ती ठिपक्यापेक्षा बरीच साफ वाटते. फक्त डोळा नेमक्या अंतरावर ठेवावा लागतो.

काडतुसाकडे वळू. इथे लोक सगळ्यात जास्त भांडतात आणि ऐंशी यार्डांवर फरक सगळ्यात कमी पडतो. नेहमीच्या कारखानी काडतुसांचे आकडे असे: १५० ग्रेनची गोळी तोंडाशी सेकंदाला सुमारे २३९० फूट, १७०ची २२००. तोंडाशी जोर जवळपास सारखाच, १९०० आणि १८३० फूट-पाउंडच्या आसपास. १०० यार्डांवर जाईपर्यंत १५०चा जोर १३०० वर येतो आणि १७०चा १३५० वर. जड गोळी वेग कमी गमावते म्हणून मागून पुढे जाते, पण तेवढ्या फरकाने हरणाला काही कळत नाही. हे आकडे लांब चाचणी-नळीतले आहेत. तुमच्या २० इंची नळीत वेग थोडा कमीच मिळेल.

तरी निवडायचंच तर तुमच्या झाडीसाठी १७० ग्रेन. कारण जोर नाही, कारण आरपार जाणं. छातीत लागलेलं हरीण जागेवर पडेलच असं नाही, फुफ्फुसात लागूनही ते पन्नास ते शंभर यार्ड पळतं. लॉरेलमध्ये तेवढ्यात ते नजरेआड होतं. गोळी पलीकडून बाहेर पडली तर दोन भोकांतून रक्त येतं आणि माग काढता येतो. १७०ची तिरक्या बसलेल्या नेमातही बहुधा आरपार जाते. १५०चीही चांगलीच, आणि तुमची नळी तिलाच खूश असेल तर तीच घ्या. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट, विन्चेस्टरची पॉवर-पॉइंट, फेडरलची पॉवर-शॉक, तिन्ही साध्या मऊ टोकाच्या गोळ्या आहेत आणि या कामाला पुरून उरतात. पूर्ण कवचाची, न फुलणारी गोळी मात्र हरणासाठी कधीच नको. ती सुईसारखी आरपार जाते, हरीण तासन्‌तास पळून कुठेतरी मरतं, आणि पेनसिल्व्हेनियाच्या नियमातही हरणासाठी फुलणारीच गोळी लागते.

लेव्हरेव्होल्यूशनबद्दल जे ऐकलंत ते खरं आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते नाही. ३३६मध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक राहतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टिकलीला (दारू पेटवणाऱ्या प्रायमरला) टेकलेलं असतं. टोक कडक आणि अणकुचीदार असेल तर झटक्याने टिकली फुटून नळकांड्यातच स्फोट होऊ शकतो. म्हणून थर्टी-थर्टीच्या गोळ्या बोथट किंवा चपट्या टोकाच्या असतात, आणि बोथट गोळी हवेत लवकर दमते. हॉर्नडीने टोकाला मऊ, लवचीक प्लास्टिक लावून १६० ग्रेनची टोकदार गोळी नळकांड्यात सुरक्षित केली, २४०० फुटांच्या वेगाने. १०० यार्डांवर तीन इंच वर लावली की ती २०० यार्डांवर जवळपास बरोबर येते. तुम्हाला दिसतातच ऐंशी यार्ड, मग हा जादा पल्ला वापरणार कुठे? दरी ओलांडून मारणाऱ्याने ती जरूर घ्यावी. तिच्याऐवजी मात्र दुसऱ्या कुठल्या टोकदार गोळ्या, कुणी स्वस्तात हाताने भरून दिल्या म्हणून, नळकांड्यात घालू नका.

जड गोळी झुडपातून ‘वाट काढत’ जाते हा गैरसमज दुकानांत अजून विकला जातो. बोटाएवढी फांदी कुठल्याही गोळीला वळवते, १७०लाही. फट मोकळी असेल तरच चाप ओढा.

घरी खिमा करणार असाल, आणि आपल्याकडे हरणाच्या मांसाचं बहुतेकदा तेच होतं, तर शिशाचा विचार करा. मऊ टोकाच्या शिशाच्या गोळीचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून लांबपर्यंत उडतात, आणि खिम्यात ते सगळीकडे मिसळतात. जखमेभोवतालचं मांस सढळ हाताने कापून टाका. धुऊ नका, धुतल्याने कण पसरतात. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर सरळ तांब्याची गोळी घ्या. बार्न्स आणि फेडरल दोघांकडे थर्टी-थर्टीत १५० ग्रेनची, चपट्या टोकाची मिळते. महाग आहे, पण हंगामाला लागतात किती?

आता कोणती ब्रँड, हे तुमची नळी ठरवेल. तीन वेगवेगळ्या काडतुसांचे एकेक डबे, वीस-वीसचे, घेऊन रेंजवर जा. सुरुवात २५ यार्डांवर. पाव एमओएच्या क्लिकची स्कोप असेल तर या अंतरावर एक इंच सरकवायला १६ क्लिक लागतात. १०० यार्डांवर चारच, त्यामुळे २५ वर लोक घाबरत घाबरत चार क्लिक देतात आणि काहीच हललं नाही म्हणून स्कोपला नावं ठेवतात. स्कोप असेल तर २५ वर गोळी मध्याच्या अर्धा इंच खाली ते मध्यावर लागू द्या, मग १०० वर जा.

पिशवीवर टेकवायचा तो पुढचा लाकडी भाग. नळी किंवा नळकांडं टेकवलं तर गोळी वेगळीकडे जाते आणि घरी जाऊन तुम्ही नसती काळजी करता. तीन गोळ्या झाडा, मग नळीला हात लावून सहज सोसेल इतकी थंड होऊ द्या, मग पुढच्या तीन. या बंदुकीची नळी बारीक, तिच्याखाली नळकांडं पट्ट्यांनी बांधलेलं. ती तापली की गोळ्या उभ्या रेषेत चढत जातात. हा तुमच्या हाताचा दोष नाही, नळी तापल्याचा आहे. १०० यार्डांवर तीन गोळ्या अडीच-तीन इंचांत आल्या की पुरे. त्याहून लहान गट मिळवण्याच्या नादात दोनशे डॉलर खर्च करू नका.

१०० वर गोळी दीड इंच वर ठेवा. १७० ग्रेनची मग ५० यार्डांवर साधारण एक इंच वर, दीडशेवर जेमतेम एक इंच खाली लागते, म्हणजे दीडशेपर्यंत कुठेही नेम वरखाली करायचा नाही. २०० वर मात्र सहा इंच खाली जाते. तिथे हरीण दिसलं तर दुर्बीण काढा आणि बघत बसा.

जे काडतूस सगळ्यात चांगलं बसलं त्याचे आणखी दोन-तीन डबे एकाच लॉट नंबरचे घ्या. नंबर डब्याच्या झाकणाच्या कडेला छापलेला असतो. लॉट बदलला की नेम इंच-दीड इंच सरकू शकतो. शेवटी हंगामाच्या आदल्या आठवड्यात, नळी थंड असताना, एकच गोळी झाडून बघा. शिकारीत तीच पहिली गोळी कामाची. तेलाने पुसलेल्या नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते, म्हणून त्या एका गोळीनंतर हंगाम संपेपर्यंत नळी साफ करू नका, वरून कोरडी ठेवा.

नारिंगी रंगाचा नियम कोर्समध्ये सांगितलाच असेल: डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच, चारी बाजूंनी दिसेल असं. लोकांच्या घरांपासून दीडशे यार्डांच्या आत गोळी नाही आणि गाडीत भरलेली बंदूक नाही. ३३६ रिकामी करताना प्रत्येक काडतूस लिव्हरने चेंबरमधून फिरवावं लागतं. नळी सुरक्षित दिशेला, चापावर बोट नाही, आणि डब्यातली संख्या मोजून पाहा, सहापैकी पाचच बाहेर आली असतील तर सहावं आत आहे. हरणाला गोळी लागल्यावर जिथे ते उभं होतं ते झाड आणि जिथे शेवटचं दिसलं ते झाड, दोन्ही मनात पक्की करा, अर्धा तास थांबा, मग उतरा.

रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, आणि डिसेंबरात तुमच्यातले निम्मे लोक मुंबईचं विमान पकडतात. तेच जाड जॅकेट अंगात असतं किंवा तीच पाठपिशवी हातात. खिशात विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या तपासणीत सापडलं की १९५९च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस चौकीत रात्र जाते, सुट्टी तिथेच संपते. रिकाम्या पुंगळीनेही चौकशीला तोंड द्यावं लागतं. जॅकेटचा प्रत्येक खिसा उलटा करा, अस्तराला भोक असेल तर आतून चाचपा, आणि पिशवी रेंजसाठी ती वेगळी, प्रवासासाठी ती वेगळी ठेवा.